गमिंग खात्याचं पेशींविषयी मत

नाशिक रोड
११ ऑक्टोबर १९९८

चि. उज्वला,

तुझं पत्र परवा पोचलं. पाकिटाची कड डाव्या कोपऱ्यात साडेतीन सेंटिमीटर उघडी होती. कुणी फोडलं की काय, असं तुझ्या सुमनकाकूला वाटलं. मी भिंगातून पाहिलं. फोडलेलं नाही, सुटलेलं आहे. तू ओलं करतेस आणि लगेच दाबतेस. ओलं केल्यावर पाच आकडे मोजायचे आणि मग दाबायचं. सातपूरच्या कारखान्यात पाकिटांना आणि लेबलांना गम लावण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यातली नऊ गमिंग खात्याचा सुपरवायझर म्हणून, आणि सख्ख्या पुतणीचं पाकीट उघडं येतं. असो.

तू पाठवलेला तुझ्या संशोधनाचा इंग्रजी सारांश मी डिक्शनरी घेऊन तीनदा वाचला. द्वारका चौकात बस बदलतो तिथे उभ्याउभ्यासुद्धा वाचला. पहिल्या वाचनात तारीख कळली, दुसऱ्यात विषय, तिसऱ्यात उणिवा. माझं शिक्षण अकरावीपर्यंतचं, पण वाचलेलं मी सोडत नाही.

माझ्या समजुतीने तुझं म्हणणं असं. शरीरातली पेशी शेजारणीला आणि खालच्या थराला चिकटून राहते. धरून ठेवणारे हात तिच्या अंगावरच असतात आणि शेजारणीचा हात धरायला त्यांना कॅल्शियम लागतं. साधी पेशी सुटली की मरते. कॅन्सरची पेशी सुटली तरी मरत नाही, दुसरीकडे जाऊन बसते. आता पेशीला उष्णता, उपास, प्राणवायूची टंचाई असा जाच झाला की तिच्या आत एक निरोप फिरतो. त्या निरोपाने तिची पकड ढिली होते का, आणि त्याचा गाठीच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे तुला शोधायचं आहे.

म्हणजे तुझा विषय गमिंगचा आहे. हे तू दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतंस. सारांशात चिकटण्याचा उल्लेख एकवीस वेळा आहे. पण थर किती जाड, हवेत ओलावा किती, वाळायला वेळ किती दिला, याबद्दल एक अक्षर नाही.

तुझे आबा रविवारी मखमलाबादहून आले होते. पिंपळगावचं स्थळ थांबलंय, पण मार्चअखेरपर्यंतच. तुला मुंबईला पाठवताना घरात बैठक बसली होती, तेव्हा मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की तीन वर्षांत पोरगी प्रबंध देईल, नाही दिला तर मी स्वतः जाऊन तिला घेऊन येईन. आबांनी ते कॅलेंडरच्या मागे माझ्याकडूनच लिहून घेतलंय. ३१ मार्च ९९. खाली माझी सही आहे. तेव्हा कामाला लाग.

दसऱ्याची फुलं पोचली का, ते कळव.

तुझा काका
सोमनाथ

मुंबई
२५ ऑक्टोबर १९९८

सोमनाथकाका,

पाच आकडे मोजून दाबलंय. होस्टेलच्या मेसमध्ये सगळ्यांसमोर मोजले, त्यामुळे आता सगळेच मोजतात.

सारांश तुम्हाला जेवढा कळलाय तेवढा आमच्या संस्थेतल्या दोन जणांना कळलेला नाही. पण गमाचं म्हणाल तर पेशी आपला गम आपणच बनवतात. त्यांच्यावर सुपरवायझर नसतो.

आबांचा झेंडू खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पोचला. आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचं काम गोटीराममामा करतात. पन्नाशीचे आहेत, निफाडचे, मला ‘माहेरवाशीण’ म्हणतात. त्यांनी सगळी यंत्रं पुसली, फडताळातल्या बाटल्या खाली काढून साबणाने घासल्या, हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकीला एकेक फूल वाहिलं. गरगर फिरणारं एक यंत्र आहे, त्याला तर हार घातला. आमचे गाईड म्हणाले, उद्या बटण दाबायच्या आधी हार काढा, नाहीतर झेंडूवरही एक पेपर निघेल.

आणि काका, फुलांचा गुण म्हणा हवं तर, पण ६ ऑक्टोबरपासून माझा प्रयोग लागू पडायला लागलाय. वर्षभर काही होत नव्हतं. मी बशीत ट्यूमरच्या पेशी वाढवते. अर्ध्या बशा गरम पाण्याच्या टाकीवर ठेवून बेचाळीस अंशांचा ताप देते, अर्ध्या तशाच ठेवते, मग दोन्ही क्षाराच्या पाण्याने खळबळते. आता ताप दिलेल्या बशीतल्या पेशी एकमेकींचे हात सोडतात, बशीही सोडतात आणि चक्क तरंगायला लागतात. त्यांच्यातला तो जाचाचा निरोप वाढलेला असतो आणि वाढ थांबलेली असते. ताप न दिलेल्या जागच्या जागी. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. सर म्हणाले, हाच तुझा प्रबंध.

आबांना सांगा, मार्च नक्की.

उज्वला

नाशिक रोड
८ नोव्हेंबर १९९८

चि. उज्वला,

पाकीट चारही बाजूंनी बंद आलं. समाधान वाटलं.

पेशींवर सुपरवायझर नसतो, असं तू लिहिलंस. सुपरवायझर नसलेल्या खात्यात काय होतं, ते कॅन्सरवरून दिसतंच आहे.

मी इकडे तुझा प्रयोग स्वतंत्रपणे करून पाहिला. तुळशीच्या लग्नासाठी काकूने चुरमुऱ्यांचे चाळीस लाडू वळले होते. चुरमुरा ही पेशी आणि गुळाचा पाक हा गम, असं मी धरलं. पाक एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद असा तीन प्रकारचा करून घेतला. कशासाठी, ते काकूला सांगितलं नाही. काही लाडू तव्यावर तापवले, काही बर्फाच्या कप्प्यात ठेवले. लाडवाला उपाशी कसं ठेवायचं, ते मात्र ठरवता आलं नाही.

मंगलाष्टकं झाल्यावर कॉलनीतल्या बायका प्रसादाला बसल्या. विषय सगळ्यांना समजावा म्हणून मी लाडू हातात घेऊन सांगितलं की ही गाठ. हा चुरमुरा सुटला. हा आता रक्तातून निघाला. आणि तो नेऊन समोरच्या अक्काबाईंच्या ताटलीत ठेवला, हे यकृत म्हणून. सगळ्यांनी लाडू परत ताटात ठेवले. चाळीसपैकी सदतीस परत आले. तीन अक्काबाईंनी आधीच खाल्ले होते. त्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पोट दाखवून आल्या.

तेव्हापासून काकू माझ्याशी बोलत नाही. डब्यात रोज चार लाडू असतात, दुसरं काही नसतं.

पण मुद्दा निसटू द्यायचा नाही. पाक जिथे सारखा बसला नव्हता, तिथून चुरमुरे सुटले. ताप दिलेला लाडू उलट जास्त घट्ट झाला. लाडू म्हणजे पेशी नव्हे, हे मला कळतं. तरी एक गोष्ट खटकते. सहापैकी सहा वेळा यश येतं, तिथे मी मशीन थांबवतो. आमच्याकडे शंभरातली दोन पाकिटं वाकडी निघतातच. एकही निघालं नाही तर मोजणारा डुलक्या घेतोय, असं समजतात.

तेव्हा मला पुढील माहिती पाठव. वर्षभरातल्या प्रत्येक बशीची तारीख, ताप दिला की नाही, कोणत्या जागी खळबळली, कोणत्या बाटलीतलं पाणी वापरलं, आणि पेशी सुटल्या की राहिल्या. अंदाजे लिहू नकोस.

सोमनाथकाका

मुंबई
२० डिसेंबर १९९८

सोमनाथकाका,

उशीर झाला, रागावू नका. प्रबंधाची तीन प्रकरणं टाइप झाली. १८ जानेवारीला हैदराबादच्या परिषदेत मी हे काम मांडणार आहे, सरांनी माझं नाव दिलंय. आता एकोणीसपैकी एकोणीस वेळा पेशी सुटल्या आहेत. तुमच्या दोन वाकड्या पाकिटांची मी वाट पाहत होते, ती काही आली नाहीत.

तुम्ही मागितली तशी नोंदवहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे, छत्तीस पानं. खरं सांगायचं तर सरांनीसुद्धा एवढं मागितलं नव्हतं. ताप दिलेल्या बशा मी टाकीजवळच खळबळते, तिथे एक बाटली असते. बाकीच्या माझ्या टेबलावर, तिथे दुसरी असते. दोन्हींचा साठा वेगवेगळ्या मोठ्या बाटलीत, पण पाणी तेच क्षाराचं. हे सगळं त्यात आहे.

गोटीराममामा तुम्हाला नमस्कार सांगतात. टाकीच्या वाफेने बाटल्यांवरची लेबलं सारखी पडतात, म्हणून ते कुरकुरत असतात. तुमचे काका लेबलवाले आहेत तर चांगल्या गमाची दोन-चारशे पाठवा म्हणावं, असा त्यांचा निरोप आहे.

काकूला माझा नमस्कार सांगा. बोलत नसाल तर चिठ्ठी लिहून सांगा.

उज्वला

नाशिक रोड
३ जानेवारी १९९९

चि. उज्वला,

सापडलं.

छत्तीस पानं मी आठ दिवस वाचली आणि मोठ्या कागदावर तक्ता केला. ५ ऑक्टोबरपर्यंत तू ताप दिलेल्या अकरा बशा खळबळल्यास, त्यात एकदाही पेशी सुटल्या नाहीत. ६ ऑक्टोबरपासून एकोणीस, आणि एकोणीसही वेळा सुटल्या. ताप तोच, टाकी तीच, पेशींची जात तीच. मग ६ ऑक्टोबरच्या आधी बदललं काय? मी स्वतःला हा प्रश्न कामावर जाता-येताना विचारत होतो. उत्तर तुझ्याच २५ ऑक्टोबरच्या पत्रात होतं. खंडेनवमी.

तुझ्या सारांशाच्या सहाव्या पानावर, तळटिपेत, बारीक अक्षरात लिहिलंय की बशीतून पेशी मुद्दाम उपटून काढायच्या असल्या की तू कॅल्शियम नसलेलं पाणी वापरतेस. म्हणजे तुझ्याकडे सारख्या दिसणाऱ्या दोन प्रकारच्या बाटल्या आहेत. एकीत कॅल्शियम आहे, तिने नुसतं धुतलं जातं. दुसरीत नाही, तिने पकड सुटते. दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. फरक आहे तो फक्त लेबलाचा. आणि खंडेनवमीला गोटीरामने बाटल्या साबणाने घासल्या.

लेबलं पडली असणार. भल्या माणसाने ती परत चिकटवली असणार. टाकीजवळच्या बाटलीला चुकीचं लागलं. त्या दिवसापासून तू ताप दिलेल्या पेशींना कॅल्शियम नसलेल्या पाण्याने खळबळते आहेस. तापाचा काही संबंध नाही. लाडू खरं बोलत होता. आणि बाटली संपली की तू त्याच लेबलाखाली, त्याच साठ्यातून भरत राहिली असशील.

खात्री कशी करायची, ते सांगतो. लेबल पाण्याने हलकेच सोडव. काच कोरडी कर. मग तिच्यावर तोंडाची गरम फुंकर मार. पूर्वी जिथे गम बसला होता, तिथे वाफ वेगळी धरते आणि जुन्या लेबलाचा चौकोन दिसतो. साबणाने घासलं तरी तो पुरता जात नाही. कॅल्शियम असलेल्या पाण्याचं नाव लांब, तेव्हा लेबल लांब, बिनकॅल्शियमचं आखूड. आता लांब लेबलाखाली आखूड चौकोन निघाला तर माझं म्हणणं सिद्ध.

गोटीरामला बोल लावू नकोस. लेबल पडलं हा गमाचा दोष, आणि तो गम निवडला तू. स्टेशनरीच्या दुकानातली साधी खळ वाफेपुढे टिकत नाही, हे कुणालाही विचार. मी घरीच नवा गम शिजवून पाचशे लेबलं केली आहेत, ग्लिसरीन घातलंय म्हणजे वाकणार नाहीत. पार्सल वेगळं येतंय.

हैदराबादला माझा उल्लेख करायचा असला तर पूर्ण नाव घाल. सोमनाथ भिकाजी मंडलिक. ‘भिकाजी’तला जी दीर्घ.

सोमनाथकाका

(पोस्टकार्ड)
मुंबई
१२ जानेवारी १९९९

सोमनाथकाका,

फुंकर मारली. लेबल लांब, चौकोन आखूड. साठ्याच्या मोठ्या बाटलीवरही तेच. तुम्ही बरोबर आहात.

एकोणीस बशा गेल्या, तीन प्रकरणं गेली. हैदराबादच्या यादीतून नाव काढून घेतलं. सर म्हणतात, आपल्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही, प्रबंध देऊन टाक, दुरुस्ती मागाहून करता येईल. ३१ मार्चला अठ्ठ्याहत्तर दिवस आहेत आणि हे काम पुन्हा करायला वर्ष लागेल. मी काय करावं, ते कळत नाही.

आबांना सध्या काही सांगू नका.

उज्वला

नाशिक रोड
१६ जानेवारी १९९९

चि. उज्वला,

तुझं कार्ड काकूने आधी वाचलं. अडीच महिन्यांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “तुम्हाला बरोबर ठरायचं होतं ना? झालात. आता पोरगी काय करील?”

ती गेल्यावर मी तक्ता पुन्हा तपासायला घेतला. त्यात माझ्याकडून चुका झाल्या आहेत असं आढळून आलं, ते कळवतो. फुंकरीची पद्धत साध्या काचेसाठी आहे. तुमची काच परदेशी असते, तिच्यावर कसलेही चौकोन दिसू शकतात. खंडेनवमीची तारीख मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून घेतली. अकरा बशा मी म्हटलं, त्या नऊ असाव्यात. लाडवाचे चुरमुरे सादळलेले होते, तेव्हा तो पुरावा धरू नये. शिवाय सातपूरच्या पाकिटांचा अनुभव मुंबईच्या दमट हवेला लागू पडेल, असं समजणं हा माझा आगाऊपणा होता.

एकंदरीत तुझे पहिले निष्कर्ष योग्य दिसतात. तुझे सर अनुभवी आहेत, ते म्हणतात तसं कर आणि मार्चमध्ये प्रबंध दे. माझं ३ जानेवारीचं पत्र फाडून टाक. तक्ता मी फाडला आहे.

सोमनाथकाका

मुंबई
२१ फेब्रुवारी १९९९

सोमनाथकाका,

तुमचं १६ जानेवारीचं पाकीट तीन बाजूंनी उघडं आलं. तिकीट वाकडं होतं. पोस्टमनने पत्र आणि पाकीट वेगवेगळं दिलं. तुम्ही पत्रात खोटं लिहिलंय, हे मला वाचायच्या आधीच कळलं.

३ जानेवारीचं फाडलं नाही. तुमचा तक्ता मी पुन्हा केला, अकराच्या अकराच आहेत.

तुमचं पत्र वाचून आधी रडले. मग उठून बरोबर बाटलीने सहा बशा खळबळल्या. ताप दिलेल्या पेशी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. म्हणजे माझा सिद्धांत संपला. सरांना सांगितलं की मी हे असं देणार नाही. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकूइतकं नाही, पण बऱ्यापैकी.

त्या सुटलेल्या पेशी मी डिसेंबरातच ओतून टाकायला सांगितल्या होत्या. पण गोटीराममामांनी त्या टाकल्याच नव्हत्या. पोरीने एवढ्या कष्टाने काढल्यात, लागतील म्हणून उबेच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवल्या आणि दर तीन दिवसांनी त्यांना खाऊपाणी देत राहिले. माझं बघून बघून शिकलेत. लेबलांचं प्रकरण कळल्यावर ते कपाट उघडून उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, आणखी एक चूक दाखवायची राहिलीय.”

काका, त्या जिवंत होत्या. आठ आठवडे. मेल्या नव्हत्या आणि वाढल्याही नव्हत्या. मोजल्या, जेवढ्या होत्या तेवढ्याच. आत जाचाचा निरोप चढलेला. आता त्यांना ताप नव्हता, उपास नव्हता, काही नव्हतं, फक्त धरायला काही नव्हतं. मी एका बशीला जिलेटिनचा पातळ थर दिला (हसू नका, तुमच्याच धंद्यातली वस्तू आहे), कॅल्शियम घातलं आणि त्या आत सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्या बसल्या. निरोप उतरला. पाचव्या दिवशी वाढायला लागल्या.

म्हणजे मी बाण उलटा काढला होता. जाच झाला म्हणून त्या सुटल्या नव्हत्या. सुटल्या म्हणून त्यांना जाच होत होता, आणि तो जाच होता तोवर त्या गप बसून होत्या. पकड मिळाली की जाग्या झाल्या. पाच वेळा करून पाहिलं. चार वेळा असंच झालं, एकदा नाही झालं. तुमचं एक वाकडं पाकीट मिळालं, म्हणून विश्वास बसला. सरांनी ती बशी पाहिली, बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. मग म्हणाले, “कामाला बस, हेच कर.”

पण वर्ष लागेल, कदाचित जास्तच. एप्रिलपासून शिष्यवृत्ती नाही. सकाळी एका कॉलेजात शिकवीन.

आईची गाठ काढली, तेव्हा मी शाळेत होते. डॉक्टर म्हणाले होते, सगळं निघालं. नऊ वर्षं काही नव्हतं, दहाव्या वर्षी पाठीच्या मणक्यात निघालं. ती बशी समोर असताना मला सारखं तेच दिसत होतं.

आबांना तुम्हीच सांगा. शब्द तुम्ही दिला होता. आकडे कमी घालून सांगा आणि खरं सांगा.

उज्वला

नाशिक रोड
७ मार्च १९९९

चि. उज्वला,

काल मखमलाबादला जाऊन आलो. काकूला बरोबर नेलं, कारण ती म्हणाली की तुम्ही एकटे गेलात तर दादांना लाडू दाखवाल.

दादा विहिरीजवळ गुलाबाच्या जुड्या बांधत बसला होता. मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. खंडेनवमीपर्यंत आलो, तोवर त्याच्या अठरा जुड्या झाल्या होत्या. कॅल्शियमपाशी तो म्हणाला, “सोमा, पोरगी मार्चात देतीय का नाय, येवढं सांग.”

मी म्हटलं, नाही देत. माझा शब्द गेला.

तो बांधत राहिला. मग विचारलं की हे चुकलेलं तसंच लिहून दिलं असतं, तर कुणाला कळलं असतं का. मी म्हटलं, तिला, तिच्या सरांना आणि मला. आणि मी तर दे म्हणूनच लिहिलं होतं. हे मी सांगायला नको होतं, असं काकू नंतर म्हणाली. पण तू खरं सांगा म्हणाली होतीस.

दादाने जुडी खाली ठेवली. म्हणाला, “तू दे म्हनालास, सर दे म्हनाला, आन तिनं नाय दिलं.”

मी हो म्हटलं आणि कपाटातल्या पेशींचंही सांगून टाकलं. त्याने काकूकडे पाहिलं. वरचे चार टवटवीत आणि आत माना टाकलेले, अशी जुडी बाजारात किती जण आणतात, ते तो तिला सांगायला लागला. नावं घेऊन सांगत होता. पिंपळगावबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, विषय संपला. घरात पाणी पिऊन निघताना मी चप्पल घालत होतो, तेव्हा त्याने थांबवलं.

“त्या गप बसत्यात म्हनालास. मरत नाय.”

मी म्हटलं, बशीत तरी नाही.

“पोरीच्या आईच्या, नवसाच्या बी तशाच बसल्या असत्याल?”

मी म्हटलं, असतील.

मग तो जे बोलला ते मी आहे तसं लिहितो, कारण यात मला काही घालता-काढता येत नाही. म्हणाला, “आपुन दोघं विहिरीच्या पान्यावरनं भांडलो, चार म्हयने बोललो नाय, ती मधी रडत फिरायची. त्याच साली तिला परत निघालं. मला वाटतं आपुनच केलं ते. तुला कधी बोललो नाय.”

उज्वला, मला वाटलं होतं हे फक्त मलाच वाटतं. सहा वर्षं मी त्या शेतावर गेलो की विहिरीच्या बाजूने जात नसे, काल दादा तिथे बसला होता म्हणून गेलो.

मला त्याला सांगता आलं असतं की नाही, तसं काही नसतं. काकू मला खुणेने तेच सांगायला सांगत होती. पण तुझं सगळं वाचलेलं असताना मला ते म्हणवेना. मी म्हटलं, दादा, भांडणाने त्या जाग्या होतात असं कुणी दाखवलेलं नाही, आणि होत नाहीत असंही नाही. हे अजून कुणी मोजलेलंच नाही. तिच्या बशीतला जाच वेगळा आणि वहिनीच्या मनातला वेगळा. या दोहोंच्या मध्ये काय आहे, ते मला माहीत नाही. मला माहीत नाही हे वाक्य मी दादासमोर पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण त्याने मान वर करून पाहिलं.

मग त्याने विचारलं की तिला माहीत होईल का, आणि किती वर्षांत. कॅलेंडर भिंतीवर होतंच. मी आकडा सांगितला नाही.

हे पत्र इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात दादा पिंपळगावहून परस्पर इकडे आला. चहा घेतला आणि कागद मागून घेतला. खालचा मजकूर त्याचा आहे. मी तपासलेला नाही.

सोमनाथकाका

उजू,
पिंपळगावला जाऊन आलो. नाय म्हनून सांगितलं. मानसं चांगली हायेत, चहा पाजला.
सोमा म्हनतो कुनी मोजलं नाय अजून. मग तू मोज. नऊ वर्सं त्या गप व्हत्या आन दहाव्याला कशानं उठल्या येवढं मला सांग. आमच्यानं उठल्या आसत्याल तर तसं सांग. माझी भीड धरू नको. येळ लागंल तेवढा घे. मी हाय.
आबा